माइक दुरुस्त करणाऱ्याचं मत

सांगलीत आमच्या कचेरीसमोर रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ टपरी टाकून बसत. बंद रेडिओला ते आधी कान लावत, मग टिचकी मारून विचारत, "काय हुतंय रं तुला?" गिऱ्हाइकाशी मात्र चार शब्दही बोलत नसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

पंचवीस वर्षांनी देशाला कोणतं तंत्रशिक्षण लागेल, यावर जिल्ह्याचं मत मुंबईला कळवायचं होतं. त्यासाठी बैठक भरली. मी टिपणं घेत होतो. साहेब "इसवी सन दोन हजार" म्हणाले आणि माइक बंद पडला. मी पळत जाऊन त्या गृहस्थांना आणलं. त्यांनी तार जोडली, "हॅलो, हॅलो" केलं, आवाज खणखणीत आला आणि ते माइकपासून हलेचनात.

"सायेब, मी व्हॉल्व्हच्या रेडिओचं काम शिकलो, तवर ट्रान्झिस्टर आला. फुडं काय येईल कुणाला ठावं? पोरास्नी यंत्र पाठ करायला लावू नका. बिघाड हुडकायला शिकवा. मग काय बी येऊ द्या!"

सगळे पोट धरून हसले. मी मात्र ते बोलणं शुद्ध मराठीत अहवालात घातलं आणि वर लिहिलं, 'तज्ज्ञांचं मत'. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

महिन्याभरानं मुंबईचं पत्र आलं: सदर तज्ज्ञांना पुढच्या बैठकीस पाठवावे.

"कोण हो हे तज्ज्ञ?" साहेबांनी विचारलं.

मी खिडकीतून टपरीकडे बोट दाखवलं. साहेबांनी अहवालाची प्रत काढून त्यावरची आपली सही पाहिली. मग म्हणाले, "जा, विचारून या. मुंबईला कधी निघताय म्हणावं."