ओव्हरलॉकवरची शेजारीण

दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून पेटती चिंधी आत पडली आणि पायपुसण्याने पेट घेतला. नवरा वरच्या खोलीत होता, गुडघ्यांमुळे त्याला जिना उतरता येत नव्हता. मी सिंकमधलं खरकटं पाणी बादलीने ओतलं. आग विझली, पण धूर वर चढायला लागला. बाहेर भर दुपारी माणसं ओरडत होती, तुमच्या देशात चालते व्हा. त्यातला एका बाईचा आवाज माझ्या ओळखीचा होता.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कपड्यांच्या कारखान्यात ती गोरी बाई आणि मी कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर शेजारी-शेजारी बसायचो. माझ्या लोणच्याने तिचं नाक गळायचं, तरी मागून खायची. मग मालकाने भारतातून दोन माणसं आणली. आमचे हात कसे चालतात त्याचं त्यांनी शूटिंग केलं. त्यांचं इंग्लिश कच्चं, म्हणून मालकाने मला हिंदीत समजावायला उभं केलं. एकजण काहीतरी गमतीचं बोलला, मी हसले. ते तिने पाहिलं.

सुट्टी संपवून कामावर गेलो तर मशिनं नव्हती, मालकाने ती भारतात हलवली होती. जमिनीत बोल्टची भोकं तेवढी होती. काम दोघींचंही गेलं. मला ऑफिसं झाडायचं काम मिळालं, तिला तेही मिळालं नाही. मालकाने गावाबाहेर मोठं घर घेतलं. त्याच्या दारावर चिंधी घेऊन कोणी गेलं नाही.

आता माझ्या दारावर लाथा बसत होत्या. कडी वाकली. मी लेटरबॉक्सला तोंड लावून तिला नावाने हाक मारली. लाथा थांबल्या. ती खाली वाकली असावी, आवाज अगदी जवळून आला.

"तू त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोलत होतीस. आमचं काम तूच दिलंस त्यांना."

"धागा ओढू नका, सुई मोडेल, एवढंच सांगत होते," मी म्हटलं. "माझं मशीन काय इथे ठेवून गेले? आत धूर झालाय. माझा म्हातारा वर अडकलाय."

मग दाराला पाठ टेकल्याचा आवाज झाला. ती पायरीवर बसली होती. कोणीतरी तिला बाजूला हो म्हणालं, एकाने घाण शिवी दिली. ती हलली नाही. हळूहळू आरडाओरडा पुढच्या गल्लीत गेला.

"आज बसले," ती दारापलीकडून म्हणाली. "पुढच्या वेळी बसेन असं समजू नकोस."

पोलीस आले तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. नवरा आणि मी, आम्ही दोघं वाचलो.