दुश्मनाच्या घड्याळाला हात लावणार नाही

आमच्या अकिलाचे अब्बा, कासम, जव्हारच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. शेजारच्या स्टुलावर माझा धाकटा भाऊ मंसूर. दुकान एक, दिवा एक, चहासुद्धा एकात दोन. पंच्याऐंशीच्या सुमाराला गावात शेअरची साथ आली. साथच म्हणायची, पानवालासुद्धा सुटला नाही. आकड्यांच्या घड्याळात बसते ती चिप बनवणाऱ्या मेरुदीप आणि चंद्रशील या दोन कंपन्या तेव्हा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. आमच्या यांनी मेरुदीपचे शेअर घेतले. मंसूरनं, केवळ यांची जिरवायची म्हणून, चंद्रशीलचे.

झालं! दाभोशाचा सोम्या जीपला लटकत बंद घड्याळ घेऊन आला. यांनी झाकण उघडलं, चिप पाहिली आणि विंचू दिसल्यासारखं घड्याळ ढकलून दिलं.

"चंद्रशीलची आहे. दुश्मनाच्या घड्याळाला हात लावणार नाही."

"घड्याळ तं माझा हाय, दुश्मनाचा कुठं?" सोम्या म्हणाला. मंसूर तापानं घरी पडलेला, त्यामुळे बिचारा तसाच परत गेला. मंसूर तरी काय शहाणा? तो मेरुदीपची घड्याळं परत पाठवायचा.

मी म्हटलं, "अहो, मेरुदीपचा मालक तुम्हाला ओळखतो तरी का?"

"शेअर घेतला म्हणजे आपणही मालकच."

"मग मालक, अकिलाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, तेवढा शिवून आणा."

पुढे कंपन्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. मेरुदीपनं चिप स्वस्त केली की हे बाजारात पेढे वाटायचे. चंद्रशीलनं त्याहून स्वस्त केली की मंसूर वाटायचा. तोबा! चिपेबरोबर घड्याळंही स्वस्त झाली. इतकी, की दुरुस्तीच्या पैशात नवं यायला लागलं. सोम्या नवं घड्याळ मिरवत दुकानावरून गेला. जुनं कुठंय विचारलं, तर म्हणतो, "फेकला."

शेअर दोन्हीकडचे आपटले. दुकानात दोघं माश्या मारत बसले आणि भाव आधी कोणी पाडला यावरून कडाकडा भांडले. मंसूर हत्यारं गुंडाळून भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला निघून गेला. मला सांगितलंसुद्धा नाही. आईच्या मागे मी वाढवलेलं पोर ते. मी दोन्ही कंपन्यांना तोंडभर शिव्या घातल्या. दुसरं काय करणार?

वर्षभरानं पेपरात फोटो आला. दोन्ही कंपन्या एक झाल्या होत्या, मालक एकमेकांच्या गळ्यात हार घालून हसत होते. यांनी तो फोटो पाहिला. मग टोपी घातली आणि भिवंडीची एसटी पकडली.

ईदला मंसूरला घेऊनच आले. दोघं शीरखुर्मा चाटूनपुसून खाताना बघून माझे डोळे भरून आले. मंसूर निघताना हे त्याला म्हणाले, "उद्यापासून दुकानात ये."

मंसूर हसला. "कशाला दुल्हेभाई? आता तिथं भांडायलासुद्धा काही उरलं नाही."

आणि माझा भाऊ दुपारच्या गाडीनं परत मागावर गेला.