भिंतभर पडदा

झटपट काकूंना भरपूर वेळ देऊन काम सांगितलं की ते हमखास बिघडायचं. आठवडाभर आधी कुणी बोलावलं तर त्या नुसता घोळ घालत बसायच्या, हा रंग की तो, ही माळ की ती. पण "काकू, संध्याकाळी पाहुणे येतायत हो, घराची नुसती दशा झालीय," असा रडवेला फोन आला की बाईच्या अंगात वारं शिरायचं. दोन फुगलेल्या पिशव्या खांद्याला, तोंडात टाचण्या, आणि दिवस मावळायच्या आत कळकट घराचं असं रूपडं करून टाकायच्या की घरच्या माणसांनाच आत पाऊल टाकायला संकोच वाटावा. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून परत पिशवीत. पडदे, अभ्रे, दिव्यांच्या माळा, सगळं भाड्याचं.

नवरा गेल्यावर पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायला लागल्या, तिथेच हे शिकल्या. काय शिकल्या? तर लपवायला. सजावट सजावट म्हणतो आपण, पण त्यात अर्धीअधिक लपवालपवीच असते की नाही? काकूंची रीतच तशी होती. घरात शिरल्या की आधी पाहुणा जिथे बसणार त्या जागी स्वतः बसायच्या आणि मान फिरवून बघायच्या. तिथून दिसेल तेवढंच घर. बाकीचं सगळं, म्हणजे मोडकी टेबलं, औषधांचे खोके, कपड्यांचे ढीग, एका खोलीत कोंबायचं. आणि त्या खोलीचं दार? ते नुसतं बंद करायचं नाही. "बंद दार दिसलं की माणसाच्या मनाला खाज सुटते," त्या म्हणायच्या. म्हणून दारावरून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, छतापासून जमिनीपर्यंत एकच पडदा. मागे खोली आहे अशी शंकासुद्धा यायची नाही कुणाला. या एका करामतीवर त्यांचा भारी जीव.

तर त्या दिवशी फोन आला तो एका सूनबाईंचा. तिसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. बाई दारातच उभी, कपाळाला आठी.

"काकू, वाचवा. माझे धाकटे दीर येतायत. परदेशी असतात, आठ वर्षांनी येतायत. विमान बदलायला थांबलेत इथे, संध्याकाळी तेवढे घरी येऊन जाणार. सकाळी कळवतात, सांगा आता!"

काकूंनी हॉलभर नजर टाकली. भिंतीला ओल, सोफ्याची उसवलेली शिवण, आणि हॉलच्या मागच्या भिंतीत एक अरुंद दार. ते उघडंच होतं. आत खिडकी नव्हती. पत्र्याच्या पेट्या, गाद्यांची वळकटी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका खाटेवर एक म्हातारी बसली होती.

"सासूबाई," सूनबाई म्हणाली, कुणी कोपऱ्यातल्या बादलीबद्दल सांगावं तशी.

म्हातारी मात्र खुशीत होती. पाय चालत नव्हते पण जीभ टुणटुणीत. काकूंना बघताच म्हणाली, "तूच का ती सजवणारी? ये गं ये. माझा धाकटा येतोय. मला बघायला येतोय! आमच्या सुनेला वाटतंय घर बघायला येतोय." आणि आपल्याच बोलण्यावर फिसकन हसली. मग तिने काकूंच्या पिशवीत हात घालून एकेक कापड बघायला सुरुवात केली. "हे नको, मळकट दिसतं. हे निळं लाव. त्याला लहानपणापासून निळं आवडतं. आणि हे बघ पोरी, माझी खुर्ची दाराच्या समोर ठेव. तो आत आला की आधी मी दिसले पाहिजे. तेवढं कर माझं. डोळ्यांनी एकदा बघितला की झालं. पुढच्या खेपेला मी असेन, नसेन."

"ठेवते ना, आजी," काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ठेवलीसुद्धा. म्हातारीला उचलून बसवली, ठेवणीतले कपडे घालून दिले, केस विंचरून दिले. हाताला नुसती हाडं लागली. पाठीवर एक जखम होती, तिच्यावरची पट्टी कधीची बदललेली नव्हती. पण काम पडलं होतं, काकूंनी माळा सोडवायला घेतल्या.

दुपारी सूनबाईने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"ती खुर्ची हॉलमध्ये कशाला? सासूबाई आतच राहतील."

"आत? अहो, पण ते त्यांनाच भेटायला..."

"काकू, माझ्या सासूच्या तोंडाला कुलूप नाही. बसल्या बसल्या काय वाट्टेल ते सांगतील. भाऊजींना आम्ही कळवलंय की आईंना खिडकीची खोली दिलीय, दिवसभराची बाई ठेवलीय. आता ही खोली दाखवू त्यांना? तुमचा तो पडदा लावा ना भिंतभर. त्यांनी हे घर कुठे बघितलंय! आई आत्याबाईंकडे गेल्यात असं आम्ही सांगणार आहोत." मग आवाजात एकदम साखर आली. "आणि हो, माझ्या भावाचं हॉटेल होतंय नवीन. सगळ्या खोल्यांचे पडदे, गाद्या, काय ते. मी त्याला तुमचंच नाव सांगितलंय. कायमचं काम आहे, काकू. या पिशव्या खांद्यावर घेऊन किती वर्षं हिंडणार?"

झालं! बाईने बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. काकूंचा खांदा हल्ली रात्रभर ठणकायचा. एका खोलीत राहायच्या त्या, पलंगावर पिशव्या आणि खाली जमिनीवर काकू. हॉटेलचं काम म्हणजे उरलेलं आयुष्य मार्गी. आणि दुसऱ्याच्या घरातली भानगड, आपण कोण त्यात पडणार, असंही त्यांनी मनाला समजावलं. मन काय, समजावलं की समजतं मेलं.

"पण त्या गप्प बसतील का?" काकूंनी विचारलं. "धाकट्याचा आवाज ऐकला की हाका मारतील."

"तेच तर! तुम्हीच काहीतरी युक्ती करा. तुमचं ऐकतायत त्या."

आणि काकूंना युक्ती सुचली. सुचू नये ती सुचली. कुणी सांगितली नव्हती, स्वतःच्या डोक्यातून काढली त्यांनी, आणि त्या क्षणी त्यांना तिचं कौतुकही वाटलं.

त्या म्हातारीपाशी उकिडव्या बसल्या आणि कानाशी लागल्या. "आजी, आपण धाकट्याची गंमत करू या? तुम्हाला पडद्यामागे बसवते. सगळे त्याला सांगतील, आई आत्याकडे गेली म्हणून. तो असा हिरमुसेल! आणि मग मी एकदम पडदा ओढणार, आणि समोर तुम्ही! पण हू की चू करायचं नाही हं. मी पडदा ओढेपर्यंत एक शब्द नाही. नाहीतर सगळी मजा जाईल."

म्हातारीचे डोळे असे चमकले. "लहानपणी अस्संच करायचे मी त्याला! कपाटामागे लपायचे, आणि हा घरभर शोधत फिरायचा." मग तिला हसू फुटलं ते आवरेना. "मी नाही बोलणार. बघच तू. पण लवकर ओढ हं, फार रडवू नकोस त्याला."

काकूंनी खुर्ची आत नेली. खोलीचं दार आतल्या बाजूला उघडून पेटीला टेकवून ठेवलं, म्हणजे पडदा सपाट पडेल. म्हातारी उंबऱ्याशी बसली, कापडाला नाक लागेल इतकी जवळ. मग काकूंनी निळा पडदा भिंतभर सोडला, चुण्या सारख्या केल्या, समोर बुटक्या पाठीचा सोफा ओढला, वर दिव्यांची माळ फिरवली. सवयीप्रमाणे सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसून मान फिरवून बघितलं. कुठे म्हणून काही दिसत नव्हतं. काम अगदी चोख उतरलं होतं.

दिवेलागणीला धाकटा आला. उंच, थकलेला, कानापाशी केस पिकलेले. बूटसुद्धा न काढता त्याने पहिलं विचारलं, "आई कुठाय?"

"अरे, काय सांगू तुला," थोरला म्हणाला. तो दिवसभर कामावर होता, पण बायकोने त्याला सगळं पढवून ठेवलं होतं. "परवाच आत्याकडे गेली. हट्टच धरला. तिथे फोन लागत नाही, माहितीय ना तुला. तुझं आज सकाळी कळलं."

धाकटा मटकन सोफ्यावर बसला. पाठ पडद्याला टेकली. म्हणाला, "दादा, मी फक्त तिच्यासाठी आलो होतो रे."

काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पडद्याचं टोक त्यांच्या हाताशी होतं. नुसता एक हिसका.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "भाऊजी, ह्या काकू. आईंना सांभाळतात त्या ह्याच. आज आई नाहीत म्हणून मला मदतीला थांबल्या."

काकूंना कुणीतरी भर चौकात कानफटात मारावी तसं झालं. हे ठरलं नव्हतं. पण धाकटा उठून आलाच. त्याने ट्रे काढून बाजूला ठेवला आणि काकूंचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही. जेवते का ती नीट?"

"जेवतात," काकू म्हणाल्या.

"पाठ दुखायची तिची."

"आता बरी आहे. मी... मी रोज शेकते."

"आणि खिडकीत बसते का? तिला रस्ता बघायला आवडतं."

"बसतात की. उठवत नाही त्यांना तिथून." एकदा जीभ सुटली की सुटलीच. काकूंना स्वतःचाच आवाज ऐकवेना, आणि तरी तो गोड येत होता, अगदी घरच्या बाईसारखा.

धाकट्याचे डोळे भरले. तो परत सोफ्यावर बसला, हाताने पडद्याचं कापड चाचपलं. "निळा. आईनेच निवडला असणार."

"त्यांनीच," काकू म्हणाल्या. दिवसभरात खरं एवढंच बोलल्या.

आत म्हातारी होती. मधे फक्त एक कापड. काकूंना वाटलं, आता खोकेल, आता हाक मारेल, देवा, मारू दे एकदाची हाक. मी ओढायला नको, तिनेच ओरडावं. पण आतून चकार शब्द नाही. म्हातारी शब्दाला पक्की निघाली. सूनबाई बशी पुढे करत होती, थोरला विमानाची वेळ विचारत होता, आणि काकू पडद्याच्या टोकाशी उभ्या राहून मनात हॉटेलच्या खोल्यांचे पडदे मोजत होत्या. लाज वाटत होती. खूप वाटत होती. तरी हात हलला नाही.

धाकटा उठला. काकू दारापर्यंत गेल्या. बाहेर जिन्याशी वळून तो त्यांना हळूच म्हणाला, "तिला सांगा, मी आलो होतो. आणि पाठ शेकत जा." मग जिन्यात त्याची पावलं, खाली गाडीचं दार, आणि गाडी गेली.

सूनबाई काकूंच्या कानात कुजबुजली. "सुटले बाई! काकू, मानलं तुम्हाला. भावाला उद्याच फोन करते. आता उतरवा हे सगळं." आणि नवरा-बायको दोघं कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

काकूंनी सोफा सरकवला आणि पडदा बाजूला केला.

म्हातारी तोंडावर घट्ट हात दाबून बसली होती. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने हळूच हात काढला आणि कुजबुजली, "बघितलंस? हू नाही की चू नाही! अगं, थोरला काय सराईत खोटं बोलतो! आत्याकडे गेली म्हणे! आणि तू गं? खिडकीत बसते, पाठ शेकते! मला वाटलं, आता फुटतेय मी. त्याची पाठ टेकली होती ना इथे, मी अलगद हात ठेवला होता वरून. गरम लागली. त्याला कळलंसुद्धा नाही." मग मान लांब करून तिने काकूंच्या मागे बघितलं. "कुठाय? बोलव ना आता."

गेला, एवढंच काकूंना म्हणायचं होतं.

"हात धुवायला गेलाय," त्या म्हणाल्या. "येतोय."

"अगं मग वेडे, पडदा काय काढतेस आत्ताच?" म्हातारीने घाईघाईने दोन्ही हात हलवले. "लाव, लाव परत! तो यायच्या आत लाव!" आणि तोंडावर हात दाबून पुन्हा ताठ बसली.

काकूंनी पडदा परत लावला. चुण्या सारख्या केल्या. मग दोन्ही पिशव्या खांद्याला अडकवल्या आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरल्या.