लाल पेन्सिलीची वेळ

“ज्याला घाई हाय त्यानं मोटारीनं जावं,” असं म्हणून आमचा पुस्तकवाला गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवायचा आणि पुस्तकांवरची धूळ झटकायला लागायचा. ती धूळ गिऱ्हाइकाच्या अंगावर बसायची. परभणीत नव्यानं उतरणाऱ्या बऱ्याच सभ्य माणसांचं स्वागत असं झालेलं मी पाहिलं आहे.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. मी स्टेशनवर पार्सल कारकून होतो आणि समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. पुस्तकं फक्त रेल्वेची. इंजिनांच्या चित्रांची, गार्डाच्या परीक्षेची, नियमांची. उर्दू, इंग्रजी, थोडी मराठी. कुणी पंचांग मागितलं तर सोनाराकडे वांगी मागितल्यासारखा चेहरा करायचा. कप्प्यांना त्यानं स्टेशनांची नावं दिली होती, सगळ्यात वर मनमाड आणि तळाला काचीगुडा. परतूरचं पुस्तक जालन्याला गेलं की बायकोला ऐकून घ्यावं लागायचं. तीही काही कमी नव्हती. मग तिकीट काढून परत आणा, म्हणायची.

दुकान चालायचं ते मात्र टाइमटेबलवर. नवं टाइमटेबल आलं की तो काही दिवस नुसत्या गाड्या बघत बसायचा. मग प्रत्येक प्रतीतली छापील वेळ लाल पेन्सिलीनं खोडून शेजारी खरी वेळ लिहायचा. आमच्या गाड्या नेमानं उशिरा यायच्या, त्यामुळे लाल वेळ सहसा चुकायची नाही. कोरी प्रत गावात कुणी हातात धरेना.

आमचे स्टेशन मास्तर हैदराबादचे, शिस्तीचे. त्यांना हा सरकार-ए-आलीचा, म्हणजे खुद्द निजाम सरकारचा, अपमान वाटायचा. एकदा त्यांनी त्याला बोलावून चांगलंच झापलं. तो शांतपणे म्हणाला, “मास्तरसाब, उशीर मी करत न्हाई. मी फकस्त लिव्हून ठेवतो.” मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही लगेच पार्सलं मोजायला घेतली.

नियमांच्या पुस्तकाला मात्र ती पेन्सिल कधी लागली नाही. एकेक नेम कुणीतरी गाडीखाली गेल्यावर लिव्हलेला हाय, असं तो म्हणायचा. परीक्षेला बसणारे रेल्वेचे गरीब खलाशी त्याच्या बाकावर बसून ते पुस्तक फुकट वाचायचे. घाईच्या गिऱ्हाइकाला हाकलणारा हा माणूस त्यांना वर चहाही पाजायचा. धंदा कशाला म्हणतात ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याला एकुलती एक मुलगी. तिचं सेलूला ठरलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, कन्यादान आपल्या हातानं करायचं. हात कसा द्यायचा, पाणी कसं सोडायचं, ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचा. माझा हात धरून त्यानं मला बऱ्याच वेळा सेलूच्या जावयाला देऊन टाकलं होतं.

लग्न सेलूला, मुहूर्त गोरज. मुलीचे मामा-मामी तयारीला आदल्या दिवशीच पुढे गेले. इकडे वऱ्हाड लाल वेळेच्या हिशेबानं निवांत जेवत होतं. त्याच दिवशी गाडीला मोठ्या साहेबाचा तपासणीचा डबा लागला होता. कुणाला आधी पत्ता नव्हता. पूर्णेहून तार आली तेव्हा गाडी तिथून वेळेवर निघालीसुद्धा होती. मी हमालाला त्याच्या घरी पळवलं. गाडी वेळेवर येतेय असं हमाल म्हणाला, तर लोक हसले आणि त्यालाही पंगतीला बसवलं.

वाजंत्री फाटकातून आत आली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा सिग्नलच्या पुढे गेला होता. वाजंत्रीवाले वाजवतच राहिले, कारण त्यांना थांबवायचं कुणाला सुचलं नाही. पुढची गाडी रात्रीची, आणि बैलगाडीनं मुहूर्ताला सेलू गाठणं शक्य नव्हतं. तो मटकन ट्रंकेवर बसला.

मला वाटलं, मास्तर आता उट्टं काढणार. मास्तर हसलेसुद्धा नाहीत. सेलूकडे जाणारी मालगाडी उभी होती. तिच्या गार्डाच्या डब्यातून दोघांना नेण्याचा परवाना त्यांनी स्वतःच्या सहीनं दिला. नियम दोघांचाच होता. तो गार्डाला तोंडपाठ होता, कारण गार्ड आमच्या दुकानदाराच्याच बाकावर शिकलेला.

मुलगी चढली. आई खालीच थांबली.

“तुमी जावा,” ती नवऱ्याला म्हणाली. “बापाबिगर कन्यादान कसं व्हईल?”

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “तीनों बैठ जाओ. मैं उधर मुंह करके खडा रहता.”

गार्ड नुसता खाली बघत राहिला. साहेबाचा डबा मानवत रोडला काढून ठेवलाय, अशी तार येऊन पडली होती. मालगाडी तिथूनच जायची होती. साहेबाला गार्डाच्या डब्यात तिसरं माणूस दिसलं असतं तर गार्डाची नोकरी गेली असती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

“नगं मास्तरसाब,” तो म्हणाला. “गार्डाचे लेकरं बारके हायेत.” मग बायकोला हाताला धरून त्यानं वर चढवलं. “हात द्यायला मामा-मामी हायेत. निघताना रडायला तिला आईचाच गळा लागंल.”

मुलीनं वरूनच वाकून नमस्कार केला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि गार्डाला झेंडी दाखव म्हणाला. त्या क्षणी मला तो फार आवडला. त्याआधी पुष्कळदा त्याला बडवावंसं वाटलं होतं.

मग सगळं वऱ्हाड फलाटावर बसून राहिलं. चुलतभावांनी त्याच्या पेन्सिलीचा, दुकानाचा आणि एकंदर रेल्वेचा उद्धार केला. तो ऐकत होता. दिवस कलला, रुळांच्या कडेनं पेडगावच्या वाटेची गुरं घराकडे निघाली, तसा तो उठला. उपरण्याची गाठ सोडून त्यानं सगळ्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. हमालाला दिल्या, मला दिल्या. मास्तरांपुढे जरा घुटमळला, तर मास्तरांनी स्वतःच हात पुढे केला.

एका म्हाताऱ्या आत्यानं बेसूर आवाजात मंगलाष्टक म्हटलं. हसायला कुणालाच आलं नाही. ‘सावधान’ झाल्यावर आम्ही सगळ्यांनी सेलूच्या दिशेनं, मोकळ्या रुळांवर अक्षता टाकल्या.

त्याची मूठ मात्र उघडेना. बोटं घट्ट मिटलेली आणि नजर तिकडेच लागलेली. वाजंत्री वाजून थांबली तरी तो तसाच उभा. शेवटी मास्तर जवळ गेले, त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि एकेक बोट हळूहळू उघडलं.