खिडकीकडे केलेला हात

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि जिन्याने पळतात. नवीन माणूस हे ऐकून हसतो, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही हसायचे. आमचं गाव ताटासारखं सपाट. चढ म्हणून बघायचा तर रेल्वेच्या पुलाचा, तोही निम्मा वेळ दुरुस्तीसाठी बंद. त्यामुळे डोंगरावरच्या शहरातली मॅरेथॉन पळायची असं यांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा सराव करायचा कुठे हा प्रश्नच होता. तो यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. ज्या इमारतीची लिफ्ट तपासायची असेल तिथे लवकर जायचं, तळापासून गच्चीपर्यंत जिन्याने पळत चढायचं आणि लिफ्टने खाली यायचं. मग परत वर. एका इमारतीतल्या आजोबांनी तर तक्रारच केली, की लिफ्टचा माणूस स्वतः वर जाताना लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, म्हणजे त्या लिफ्टचं काही खरं नाही.

"पण उतरताना लिफ्ट कशाला?" मी एकदा विचारलं.

"उतारावर काय, पाय आपोआप पळतात," हे म्हणाले. "आणि येता येता मोटरचा आवाज ऐकून होतो. तेवढंच काम उरकतं."

मला पळण्यातलं ओ की ठो कळत नाही.

तसा माणूस वाईट नाही. बोलणं कमी, हाताला कायम ग्रीसचा वास, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडणार नाही. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं, तर हे पळायलाच लागले. मुलीच्या वाढदिवसाची तारीख विचारा, माझ्या तोंडाकडे बघतील. मागच्या सगळ्या शर्यतींच्या वेळा मात्र सेकंदासकट पाठ. एकच ध्यास होता, चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करायची. दोनदा थोडक्यात हुकली होती. मी म्हणायचे, "अहो, चार तासांत झाली काय नि साडेचार तासांत झाली काय, घरी येऊन आंघोळ तर करायचीच आहे ना?" हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या डोंगरावरच्या शहरात यांची मोठी बहीण राहायची, माझ्या वन्सं. सासूबाई गेल्या तेव्हा हे पाच वर्षांचे होते. वन्संनी यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, यांच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. पुढे नवरा गेल्यावर मुलाच्या नोकरीसाठी त्या डोंगरावर गेल्या. मुलगा तिथून परदेशी गेला आणि वन्सं तिथेच एकट्या राहिल्या. इतक्या वर्षांत हे एकदाही तिकडे गेले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं पुढच्या महिन्यात, पुढच्या सुट्टीत. वन्संचं दर फोनवर एकच मागणं असायचं, "धाकट्या, एकदा माझ्या घरात येऊन बस रे. माझ्या हातचं जेव आणि जा. दुसरं काही नको मला."

त्यामुळे शर्यतीचं कळल्यावर वन्संना वाटलं, आपला भाऊ आपल्याकडे येतोय. गादी उन्हात टाकली, तांदूळ निवडून ठेवला, "तो उशी उंच घेतो का गं अजून?" म्हणून मला फोन केला. आणि इकडे यांनी शर्यत सुटते त्या मैदानाजवळ हॉटेलात खोली घेतली. "ताईकडे गेलो तर रात्रभर गप्पा होतील, झोप होणार नाही. शर्यत झाली की जाऊ ना निवांत." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही बसा त्या हॉटेलात मनगटावरच्या घड्याळाशी गप्पा मारत, मी चालले वन्संकडे."

आणि गेलेसुद्धा. वन्संचं घर रस्त्यापासून बरंच वर होतं. रस्त्यालगत भिंत, भिंतीतून वर निघालेल्या दगडी पायऱ्या, मध्ये एक वळण, आणि वरती दोन खोल्या. खिडकीतून खालचा सगळा चढ दिसायचा. शर्यतीचा रस्ता तोच. मी वर पोचले तेव्हा धापा टाकत होते आणि वन्संना बघून चरकलेच. मोठ्या आजारपणातून उठल्या होत्या. कंबरेत वाकलेल्या, गुडघे सुजलेले, आणि गुडघ्यापर्यंत पोचणारे केस जाऊन डोक्यावर पोरासारखे आखूड पांढरे केस. यांनी शेवटचं बघितलं होतं ते मुलीच्या लग्नात. तेव्हा त्या मांडवभर फिरत होत्या.

यांनी मला बजावून ठेवलं होतं, "ताईला खाली आणू नकोस. ती फोनवर सांगते ना, पायऱ्यांच्या वरच्या खिडकीतून रस्ता दिसतो, तिथेच बसव. मी तिथून जाताना हात करीन." सकाळी मी खिडकीशी खुर्ची मांडली, तर वन्संनी पायात चपला घातलेल्या. "खिडकीतून बघायला मी काय आजारी आहे?" लिंबूपाणी केलं, मीठ-साखर बेतशीर घातली, ते थर्मासमध्ये भरलं, बरोबर स्टीलचा पेला घेतला. एकेका पायरीवर बसत, भिंतीला धरत आम्ही खाली आलो. खाली आल्यावर त्यांना उभं राहवेना. "माझं ते लहान स्टूल आण गं वरून," म्हणाल्या. "त्याला यायला अजून वेळ आहे."

मी वळणापर्यंत चढले असेन, तोवर खालून टाळ्या ऐकू आल्या. वळून बघते तर चार तासांत पोचवणारा एक झेंडेवाला पुढे, त्याच्या मागे घोळका, आणि घोळक्याच्या कडेला आमचे हे. मान खाली, नजर बुटांच्या पुढच्या हातभर रस्त्यावर, तोंड वासलेलं. वन्सं भिंत सोडून दोन पावलं रस्त्यात गेल्या आणि पेला पुढे केला. यांनी तो पळता पळता घेतला, घटाघटा प्यायले आणि दिला भिरकावून बाजूला. शर्यतीत कागदी पेले मिळतात, ते असेच टाकायचे असतात म्हणे. हा स्टीलचा. तो खणखणत उताराला लागला.

मग यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, वन्संकडे तर नाहीच. वरच्या खिडकीकडे बघून हसले, हात उंच करून हलवला आणि वळणाआड गेले. खिडकीत पडद्याशिवाय कुणी नव्हतं.

मी धडपडत खाली आले. वन्सं थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या. "प्यायला गं," म्हणाल्या. "सगळं प्यायला. थेंब ठेवला नाही."

"तुम्हाला ओळखलंसुद्धा नाही त्यांनी," मी म्हटलं. राग आवरत नव्हता मला.

"चढावर वर बघितलं की दम तुटतो. आणि हे बघ, त्याला यातलं काही सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

त्यांना परत वर न्यायला सकाळ गेली. वर गेल्या ते थेट ओट्याशी. भात, भाजी, तळलेले मासे, सगळं मनासारखं. दोन ताटं पुसून ठेवली.

दुपारी यांचा फोन आला, चार तासांच्या आत झाली म्हणून. आवाज लहान पोरासारखा. रिक्षा करून हे पायऱ्यांपाशी आले, गळ्यात पदक. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तोंड वेडंवाकडं करून तिथेच बसले. चढ यांनी मारले होते. उतारांनी मांड्यांची पार वाट लावली होती, कारण उतारावर पळायची पायांना सवयच नव्हती. दोनदा उठले, दोनदा गोळे आले. मी एका बाजूने धरलं, रिक्षावाल्याने दुसऱ्या बाजूने, तर हे विव्हळायलाच लागले. वन्सं वर कठड्याला धरून उभ्या. त्यांनी एक पायरी उतरायला पाय खाली टाकला, तर मीच खालून ओरडले, "वन्सं, नका."

"ताई," यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "मी हात केलेला दिसला का?"

"दिसला रे," वरून आवाज आला. "चांगला दिसला."

मी वर जाऊन डबा आणला. दोन घासांत यांना मळमळायला लागलं. मी म्हटलं, "हॉटेलात राहू, उद्या पाय मोकळे झाले की चढा." तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या लिफ्टची तपासणी, दुसरं कुणी नाही, बसची तिकिटं काढलेली. "ताई, पुढच्या महिन्यात येतो. मग चार दिवस राहतो." वन्संनी नुसती मान हलवली असावी. एवढ्या लांबून नीट दिसलं नाही.

बसमध्ये हे खुशीत होते. शर्यतीतला एकेक चढ मला सांगत होते. "आणि ताईच्या घराखाली एका म्हातारीने लिंबूपाणी दिलं गं. संपलोच होतो मी. त्या पाण्याने तारलं बघ. कोण कुठली बाई, देव तिचं भलं करो."

शपथ गेली चुलीत. "त्या वन्सं होत्या," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या सीटच्या पाठीकडे. मग म्हणाले, "केस कधी कापले तिने?"

"आजारपणात गेले. वर्ष होत आलं."

"मला कुणी बोललं नाही."

"फोनवर सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही बुटाचे बंद बांधत होतात."

यांनी गळ्यातलं पदक काढून खिशात टाकलं. घरी आल्यावर पदक कुठे ठेवलं ते मला आजतागायत माहीत नाही.

पुढच्या महिन्यात एका इमारतीच्या लिफ्टचे दोर बदलायचे निघाले. त्याच्या पुढच्या महिन्यात यांच्या हाताखालचा माणूस नोकरी सोडून गेला. हे रोज रात्री वन्संना फोन करायचे, हे मात्र खरं. कधी नव्हे ते तासतास बोलायचे. पेल्याबद्दल, ओळखलं नाही त्याबद्दल कधी काही बोलले का, ते मी विचारलं नाही. आणि मग एका पहाटे भाच्याचा परदेशातून फोन आला, आई झोपेतच गेली.

त्या दिवशी हे त्या पायऱ्या एका दमात चढले. मी मागून गेले तेव्हा सगळं आटोपायची तयारी झालेली होती. दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या आणि हे वन्संच्या उशाशी बसले होते.

शेजारची बाई पाणी घेऊन आली. शर्यतीच्या दिवशी ती कामावर होती, तिने यांना पहिल्यांदाच बघितलं. "तुम्हीच ना ते पळणारे भाऊ?" तिने विचारलं. "तुमचंच सांगत होत्या शेवटपर्यंत. एवढं पळून वर एवढ्या पायऱ्या चढून आलात, बहिणीच्या हातचं जेवलात. दोनदा भात मागून घेतला म्हणाल्या."

मी यांच्याकडे बघितलं. यांना खोटं बोलणं कधी जमलेलं नाही, लगेच कान लाल होतात.

"तीनदा," हे म्हणाले. "तीनदा घेतला."

यांनी तिच्या हातातला पाण्याचा पेला घेतला. मग मीच त्या बाईला म्हटलं, हो, आणि जेवून इथेच संध्याकाळपर्यंत झोपले होते.