कोपऱ्यावरचं कुंकू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं नाव घेईन. कळवण तालुक्यातल्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. आक्काने सातवीनंतर शाळा सोडली आणि दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करून मला नाशिकच्या कॉलेजात ठेवलं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सायखेड्याच्या त्या संगणकाचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही, त्याचं कारणही तीच आहे.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात सायखेड्याचे एक फुलांचे शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलगी नाशिकला कॉलेजात संगणक शिकत होती, रोज एसटीने जा-ये करायची. दसऱ्याला त्यांनी शहरातल्या एका दुकानातून संगणक जुळवून घेतला होता. त्यातला प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, मुलीने स्वतः चौकशी करून निवडला होता. फार भारी नाही, अगदी हलकाही नाही. अभ्यास व्हावा आणि घरच्यांना गाड्यांची शर्यतही खेळता यावी, असा मधला.

मार्चमध्ये वीज वरखाली होऊन संगणक बंद पडला. दुकानातून दुरुस्त होऊन आला तो रखडतच. सुरू होताना पडद्यावर वेगाचा आकडा दिसतो, तोच आता कमी दिसत होता. मुलीने आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे वहीत लिहिले होते. दुकानदार म्हणाला, पहिल्यापासून हाच प्रोसेसर होता. बिलावर नुसतं 'कॉम्प्युटर एक' लिहिलेलं. वर तो असंही बोलला, की चांगला असेलच तर मुलीनेच काढून विकला असेल.

"साहेब, पोरगी माझी चोर नाय," वडील म्हणाले. "पन भाऊबंद लय बोलायला लागले. म्हनत्यात, आजून शिकव पोरीला! पुढच्या महिन्यात तिचा प्रोजेक्ट हे. तो हुकला तर लगीन लावून मोकळं व्हा म्हनतील, आन मी कोनाकोनाचं तोंड धरू?"

वहीचं पान मुलीने माझ्यासमोर उघडं धरून ठेवलं होतं.

चार दिवसांनी खबर मिळाली. सायबर कॅफे चालवणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "त्या दुकानातला मेकॅनिक सुटे प्रोसेसर विकतो, साहेब. ना खोकं, ना बिल. गेमवाले तिथे रांग लावतात."

दोन पंच घेऊन आम्ही दुकानावर गेलो. मेकॅनिकच्या टेबलाच्या खणात स्पंजमध्ये खोचलेले नऊ प्रोसेसर निघाले, सगळे एकसारखे. पंचनामा केला आणि त्याला ठाण्यात आणलं. तिशीचा, संसारी, शांत माणूस.

"जुना माल आहे, साहेब. लोक बदलून नेतात, जुने ठेवून जातात. यातला त्यांचा कोणता, ते त्यांनी दाखवावं."

आमचे हवालदार मामा हळूच म्हणाले, "हा तर आपल्यालाच परीक्षेला बसवतोय, साहेब."

त्याचं चुकत नव्हतं. प्रोसेसरचा नंबर कोणीच टिपून ठेवला नव्हता. ओळख पटवायला बापलेकीला बोलावलं आणि टेबलावर पांढरा कागद अंथरून नऊही नग मांडले. मुलीने एकेक नग निरखला आणि नकारार्थी मान हलवली. वडील मात्र माझ्याजवळ सरकले.

"साहेब, हसनार नसाल तर सांगतो."

"सांगा ना काका."

"दसऱ्याला दुकानातच पूजा केलती. म्या त्या मेकॅनिकला म्हनलं, मशीनचा मेंदू कोनता, त्याला हळद-कुंकू लावतो. तो वरडला, काका, मधे नका लावू, तिथं थंड ठेवायची पेस्ट लागती! मंग कोपऱ्याला बोट लावलं. शिकलेली मानसं हसतील म्हून बोललो नाय."

मी नग एकेक करून उजेडात धरले. सातव्याच्या हिरव्या कडेला, एका कोपऱ्यावर, पुसट लाल ठिपका होता.

मी मेकॅनिकला आत घेतलं. त्याच्यावर हात उगारायची वेळ आली नाही. ठिपका दाखवला आणि विचारलं, "मधली पेस्ट तर स्पिरिटने लख्ख पुसलीस. मग हे कसं राहिलं?"

तो म्हणाला, "दिसलं होतं, साहेब. कापूस तिथवर नेला, पण पुसवेना. घरी लेकुरवाळी बायको आहे. कुंकू कसं पुसायचं?"

"आणि त्या मुलीचं नाव गेलं, त्याचं काय?"

तो रडायला लागला. पुढचं सगळं त्याने आपणहून सांगितलं. मालकाचा वाटाही सांगितला. दोघांवर दोषारोपपत्र गेलं.

मुद्देमाल निकालापर्यंत ठाण्यात ठेवायचा, अशी रीत. पण निकालाला वर्षं लागतात आणि मुलीच्या हातात महिना होता. मी कोर्टात बसून राहिलो, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर, प्रोसेसर परत द्यायचा हुकूम मिळवला आणि स्वतः सायखेड्याला गेलो. भाऊबंद ओट्यावर जमले होते. सगळ्यांदेखत मुलीने झाकण काढलं, प्रोसेसर बसवला, संगणक सुरू केला. जुना आकडा आला. एक म्हातारे चुलते म्हणाले, "हिला तर सगळं येतंय की!"

चोरी करणाऱ्यालाही एखादी गोष्ट करवत नाही, आणि फिर्यादी नेमकं ते लपवतो ज्याला आपण हसू असं त्याला वाटतं. हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्यानंतर माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला मी कधी हसलो नाही. पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात तपासाचं काही नव्हतं. मला आक्का हवी होती. ठाण्यात आल्यावर तिला पत्र लिहिलं. जावक पत्राची नक्कल ठेवायची खात्याची सवय, म्हणून ती माझ्याकडे राहिली.

"ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

आज एका मुलीला भरल्या ओट्यावर संगणक जोडताना पाहिलं. तिचे हात भरभर चालत होते. तू माझी गणितं माझ्याआधी सोडवायचीस आणि आई आली की पाटी माझ्याकडे सरकवायचीस, ते आठवलं. मी पास झालो तेव्हा गावाने माझा सत्कार केला. तुला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

सोबत सतरा नंबरचा फॉर्म पाठवतो आहे. बाहेरून दहावीला बसता येतं. तुझा शाळा सोडल्याचा दाखला मी शाळेतून काढून आणेन. बाकी सगळं भरलं आहे, सही तेवढी तुझी हवी. दाजींशी मी बोलेन. वय झालं असं म्हणू नकोस. या रविवारी सुट्टी मागितली आहे. बीजगणिताचं पुस्तक घेऊन येतो, घरी राहा.

तुझा धाकटा."