बावखलाकाठी नारिंगी गाडी

आमच्याकडे कॅमेरा घेऊन कोणी वाडीत शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जागा विकायला काढली का? आमच्या निर्मळ गावात फोटो म्हणजे जागेचा फोटो. केळीचा, मोगऱ्याचा, बावखलाचा फोटो कोणी हौसेने काढत असेल यावर इथे कोणाचा विश्वास नाही. माझाही फारसा नाही. मी हरितपट्टा वाचवणाऱ्या समितीची पत्रकं लिहिते आणि घरोघर वाटते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर वाडी जगते, आजूबाजूच्या विहिरी जगतात. ते मारायची रीत मी इतक्या वेळा छापली आहे की तोंडपाठ झालीय. आधी येणारं पाणी तोडायचं, मग तळं आटू द्यायचं, मग खड्डा आहे म्हणून भरून टाकायचं.

तरीही मला स्पोर्ट्स कार आवडतात. आवडतात म्हणजे आवडतात. समितीतले म्हणतात, "सकाळी झाडं वाचव, दुपारी पेट्रोल जाळ." जाळते कुठे? माझ्याकडे स्कूटर आहे. मी फोटो काढते. रविवारी राजोडीच्या समुद्राकडे मुंबईच्या बुटक्या, रुंद गाड्या येतात. वळणावर उभं राहायचं, गाडी आली की तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत बटण दाबायचं. जमलं तर गाडी लख्ख येते आणि मागची सुरूची झाडं ओढून पुसल्यासारखी. बरेचदा जमत नाही. जमतं तेव्हा आठवडा चांगला जातो.

या वळणावरच नारिंगी गाडीवाला भेटला. पन्नाशीचा, नम्र. नको तेवढा नम्र. माझे फोटो बघून म्हणाला, "मॅडम, समुद्र सगळेच काढतात. पाण्याकाठी, केळीत गाडी उभी करता येईल का? गाडीचं पूर्ण प्रतिबिंब पाण्यात पडेल अशी."

"तुम्हाला केळीच का हवी?"

"नारिंगीवर हिरवं चांगलं दिसतं."

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. इथे बिल्डरची माणसं आधी निसर्गाचं कौतुक करतात. मी म्हटलं, विचारून सांगते. मनात ठरवलं, याला आत्याच्या वाडीत न्यायचं आणि तो कुठे बघतो यावर नजर ठेवायची. शिवाय तो फोटो मलाही हवा होता. हे लपवण्यात काय अर्थ आहे?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यापासून वाडी एकटी बघते. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, विरारला फुलपाड्यात राहतो आणि जागांची दलाली करतो. वाडी विकू या, हे तो प्रत्येक सणाला आईला सांगतो. ती नाही म्हणते. गिऱ्हाइकंही परत जातात, कारण आत यायला धड रस्ता नाही. आहे ती कच्ची वाट, आणि तिला मध्येच आडवा छेदणारा खोल पाट. पावसाचं पाणी त्या पाटाने बावखलात उतरतं. पाटात उतरून चढताना स्कूटरसुद्धा जपून काढावी लागते.

आत्या म्हणाली, "येऊ दे गाडी. गाडी काय पानी पिनार हाय का माझं?"

आतेभावाला कळलं तेव्हा मी टोमण्याची वाट बघत होते. त्याने फक्त विचारलं, "पुढारीणबाई, ती गाडी किती बुटकी असते? पाटात पोटाला घासेल ना. मी बघतो."

तो कधी आईच्या वाडीत चार पानंसुद्धा उचलत नाही. पण त्या वेळी माझा सगळा संशय नारिंगी गाडीवर खर्च झाला होता.

रविवारी गाडी सरळ आत आली. पाटाच्या जागी सपाट वाट होती; माझं लक्ष मात्र गाडीवाल्यावर होतं. गाडीवाला हळूहळू बावखलाच्या काठाला आला आणि इंजिन बंद केलं. मी खाली बसले. पाणी स्थिर होतं. लेन्सवरची फिल्टरची कडी एका बाजूला फिरवली की गाडीचं प्रतिबिंब पाण्यातून नाहीसं होई, दुसऱ्या बाजूला फिरवली की नारिंगी रंग परत भरे. असा फोटो मी आजवर काढला नव्हता. तरी मधूनमधून कॅमेऱ्यावरून डोळा हटवून मी गाडीवाल्याकडे बघत होते. तो कुंपण बघत नव्हता, विहीर बघत नव्हता. बॉनेटवर पडलेलं केळीचं सुकं पान उचलत होता.

मागून आत्याचा आवाज आला. "ह्ये कोनी टाकलं?"

ती पाटाच्या जागी उभी होती. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे. कोणाच्या तरी तोडलेल्या घराचं राबिट पाटात दाबून भरलं होतं. आतेभाऊ मोबाईलवर त्याचाच फोटो काढत होता. गाडीचा नाही. सपाट झालेल्या वाटेचा.

मी विचारलं, "पाण्यासाठी खाली पाईप टाकलास?"

"एका गाडीसाठी पाईप कशाला?"

"एका गाडीसाठी दोन फळ्या पुरल्या असत्या. हा टेंपोभर माल आहे."

"तुला सगळीकडे बिल्डरच दिसतो. लग्न कर, बरं वाटेल."

"फोटो कोणाला पाठवतोयस?"

त्याने मोबाईल खिशात टाकला. आत्याने मुलाकडे बघितलं नाही. गाडीवाल्याला म्हणाली, "दादा, तुमची गाडी भायेर घ्या. मंग ही वाट ऱ्हानार नाय."

त्याने गाडी बाहेर काढली. आत्याने ओटीवरची प्लास्टिकची खुर्ची आणली, राबिटावर ठेवली आणि बसली. "टेंपोवाल्याला बोलाव. आनलंस तसं ने."

"आई, पुढच्या आठवड्यात काढू."

"काढ ना. मी हितंच हाय."

मुलाने बराच वेळ समजावलं. वाट झाली तर म्हातारपणी रिक्षा दारापर्यंत येईल, ॲम्ब्युलन्स येईल. ती बावखलाकडे बघत राहिली. शेवटी त्याने फोन लावला.

टेंपो दुपारी आला. मी घमेली उचलली. गाडीवालाही रस्त्यावरून चालत परत आला, बाह्या सरसावून; त्याला इथे थांबायचं काय कारण होतं, हे मला अजून कळलेलं नाही. तळ लागला तेव्हा आत्याने बादलीभर पाणी पाटात ओतलं. ते मध्येच एका ठिकाणी अडलं. तिने बोट दाखवलं, तिथे मी कुदळीने आणखी खणलं. दुसरी बादली वाहत जाऊन बावखलात उतरली.

आतेभाऊ तेवढ्यात फोन कानाला लावून रस्त्याकडे निघाला होता. कुदळ टाकून मी त्याच्या मागे गेले, कोणत्या गिऱ्हाइकाशी बोलतोय ते ऐकायला.